कुडी लख्ख, आत्या धूसर! चाळिशी लागल्यावर मॅन्युअल फोकस कसा करता?

रोल३६ :
मंडळी, दिवाळीत वाईला आत्याकडे गेलो होतो. आत्या ८४ वर्षांची. ओसरीवर खांबाला टेकून वाती वळत बसली होती आणि सकाळचं तिरपं ऊन अर्ध्या चेहऱ्यावर आलं होतं. असा उजेड मागून मिळत नसतो. माझ्या निकॉन एफएम-२ या फिल्म कॅमेऱ्याला ५० एमएम लेन्स, अ‍ॅपर्चर एफ १.८, अंतर मीटरभर. सहा फ्रेम काढल्या. गेल्या आठवड्यात रोल धुऊन, स्कॅन होऊन आला. सहाच्या सहा फ्रेममध्ये आत्याच्या कानातली कुडी अशी लख्ख आलीय की मोती मोजून घ्यावेत. डोळे मात्र दुधाच्या सायीतून बघितल्यासारखे.

मी ५८ पूर्ण. लांबचा नंबर नाही, जवळचा +२.५. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत व्ह्यूफाइंडरच्या मधल्या वर्तुळातली स्प्लिट इमेज, म्हणजे चित्राची दोन अर्धुकं, जुळली की 'टक्' असं जाणवायचं. आता दोन्ही अर्धुकं जुळल्यासारखी वाटतात, आणि रिंग जरा पुढे नेली तरी जुळलेलीच वाटतात. जवळचा चष्मा लावून पाहिला तर आणखी वाईट. चष्म्याविना त्यातल्या त्यात बरं, पण बरं म्हणजे असं.

प्रश्न असा, की फाइंडरमधली फोकसिंग स्क्रीन बदलू, भिंग लावू की डोळे दाखवू? कॅमेरा विकायचा सल्ला कृपया नको. पहिल्या पगारातून फोर्टात बोरा बाजारात घेतलेला आहे आणि त्या महिन्यात दोन्ही वेळा वडापाव खाल्लेला आहे.

डिजिटल_दामू :
मोबाईल घ्या. चेहरा आपोआप ओळखतो.

रोल३६ :
दामूशेठ, धन्यवाद. आत्याही हेच म्हणाली.

दिवेघाटी :
रुमाल टाकून ठेवतो. माझंही वय तेच, रडगाणंही तेच.

नेत्रपल्लवी :
मी नाशिकला चष्म्याचे नंबर काढते, तर व्यवसायाच्या अंगाने लिहिते.

व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की वाटतं, काच तर बोटभर अंतरावर आहे, म्हणजे जवळचा चष्मा हवा. इथेच सगळे फसतात. आयपीसमधल्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतल्या, भिंगामुळे ती फोकसिंग स्क्रीन डोळ्याला साधारण मीटरभर लांब असल्यासारखी दिसते. बहुतेक एसएलआरचे (लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्यांचे) फाइंडर उणे १ डायॉप्टरला (डायॉप्टर म्हणजे आपला चष्म्याचा नंबर) बांधलेले असतात, एफएम-२चाही. म्हणजे कॅमेऱ्यात डोकावणं म्हणजे टेबलापलीकडच्या माणसाकडे बघणं, पुस्तक वाचणं नव्हे.

तुमचा +२.५चा चष्मा ४० सेंटिमीटरसाठी आहे. तो लावून एक मीटरवरची स्क्रीन धूसरच दिसणार. आणि चष्म्याविना तुमचा डोळा जुळलेला आहे लांबवर, त्यामुळे तीच स्क्रीन दुसऱ्या बाजूने धूसर. तिशीत डोळ्यातलं भिंग लवचीक असतं, ते एक मीटरवर स्वतःच जुळवून घेतं, आपल्याला कळतही नाही. चाळिशीनंतर ते कडक होत जातं. तुमच्या वयाला ही सोय जवळपास संपलेली असते. आपल्याकडे चष्म्यालाच 'चाळशी' म्हणतात ते उगीच नाही.

आता घरच्या घरी एक गंमत करा. लेन्सचा फोकस मुद्दाम पूर्ण बिघडवा, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरा. समोरचं दृश्य बघूच नका. मधल्या वर्तुळाची कड, स्प्लिटची आडवी रेघ आणि भोवतीच्या मायक्रोप्रिझमचे दाणे बघा. या गोष्टी स्क्रीनवरच कोरलेल्या असतात, लेन्सचा त्यांच्याशी संबंध नाही. त्या धारदार दिसत नसतील तर फोकस जुळला की नाही हे तुम्हाला कळणारच नाही, स्क्रीन कितीही महागाची बसवा. मग कॅमेरा घेऊन ओळखीच्या चष्मेवाल्याकडे जा, गर्दी नसताना. ट्रायलच्या पेटीतून +०.५, +०.७५, +१, +१.२५ अशा काचा आयपीसपुढे एकेक धरून बघा. ज्या काचेला वर्तुळाची कड धारदार होईल, तो तुमचा कॅमेऱ्याचा नंबर.

रोल३६ :
ताई, चष्मेवाल्यापर्यंत जायची गरजच पडली नाही! सौ.चा कॉम्प्युटरसाठीचा चष्मा टेबलावर होता, +१.२५चा. लावून भिंतीकडे धरला. वर्तुळाची कड ब्लेडने कापल्यासारखी! मायक्रोप्रिझमला दाणे असतात हे मी विसरूनच गेलो होतो, साखरेसारखे दिसले. पुढचा अर्धा तास घरातल्या खुर्च्या, कुकर, मांजर असं सगळं फोकस करत फिरलो. शेवटी 'माझं ऑफिसचं काम आहे' असं म्हणून चष्मा काढून घेण्यात आला.

मंद_प्रकाश :
आयपीसला लावायच्या गोल काचा मिळतात. एफएम-२ आणि माझ्या एफईला १९ मिमी आट्यांची बसते. पण मागवण्याआधी थांबा, मी यात पोळलोय. मला +१ हवी होती, +१ लिहिलेली मागवली, आली आणि सगळं धूसर. महिनाभर स्वतःच्या डोळ्यांना शिव्या दिल्या. मग कळलं की निकॉनच्या काचेवर लिहिलेला आकडा म्हणजे काच अधिक फाइंडर अशी बेरीज असते. फाइंडर मुळात उणे १, त्यामुळे '+१' लिहिलेली काच प्रत्यक्षात +२ असते. तुम्हाला +१ हवी असेल तर '०' लिहिलेली घ्या. दुकानदार शपथेवर सांगेल की शून्य म्हणजे साधी काच. ऐकू नका.

दुसरं, सिलिंडर नंबर (एकाच दिशेतला दोष सुधारणारा) असेल तर ही काच कामाची नाही. मी शहाणपणा करून चष्मेवाल्याकडून सिलिंडरची काच गोल घासून घेतली आणि आयपीसमध्ये बसवली. आडव्या फ्रेमला झकास. कॅमेरा उभा धरला की सगळं वितळलं. सिलिंडरला अक्ष असतो. कॅमेऱ्याबरोबर काच ९० अंशांत फिरते, आपला डोळा मात्र होता तिथेच. एवढी साधी गोष्ट लक्षात यायला दोन रोल गेले. आता गपगुमान चष्मा लावून फोटो काढतो. फाइंडरचे कोपरे दिसत नाहीत, म्हणून जरा सैल फ्रेम करतो. ज्यांना परवडेल त्यांनी निकॉनचाच एफ-३ एचपी बघावा, त्यात डोळा २५ मिमी लांब ठेवूनही अख्खी फ्रेम दिसते. चष्मेवाल्यांसाठीच केलेला आहे म्हणा ना.

आणि आयपीसच्या कडेला रबरी ओ-रिंग चिकटवा. नाहीतर चष्म्याच्या काचेवर बरोबर मध्यभागी ओरखड्यांचं गोल कुंकू उमटतं.

नेत्रपल्लवी :
सिलिंडरबद्दल अगदी बरोबर. अर्धा नंबर असेल तर चालून जातं, त्यापुढे चष्माच. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर फाइंडरमधून बघताना हनुवटी किती वर-खाली होते त्यावर नंबर बदलतो, त्याचंही भान ठेवा. कॅमेऱ्यासाठी एकाच नंबरचा साधा चष्मा करून घेतलेला सगळ्यात बरा.

निगेटिव्ह_नाना :
पोरांनो, तुम्ही अजून चाळशीवरच अडलाय. माझं वय ७१, सांगलीत ३४ वर्षं स्टुडिओ चालवला, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. माझी 'यशिका मॅट १२४-जी' अजून चालू आहे, दोन लेन्सची, वरून काचेत बघायची.

ऑपरेशनच्या आधी दोन वर्षं मला वाटायचं, यशिकाची काच खराब झाली. वरची ग्राउंड ग्लास पुसली, आरसा पुसला, एकदा तर हुड खोलून ब्रशने झाडला. काच पिवळट आणि अंधारीच. संध्याकाळचं लग्न असलं की फोकस अंदाजपंचे. एका वरमालेच्या वेळी नवरदेव सोडून मागचा बँडवाला शार्प आला, बिचाऱ्याने फोटो मागून नेला. मग एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आलो, स्टुडिओत गेलो आणि बायकोला विचारलं, "पडदा कधी धुतलास?" ती म्हणाली, "पडदा तोच आहे, धूळसुद्धा तीच." जुन्या डोळ्याने बघितलं तर पडदा चहात बुडवलेला, नव्या डोळ्याने पांढराफेक. किती वर्षं मी रंगीत प्रिंट त्या चहातून बघून पास केल्या, देवच जाणे.

आता मुद्द्याचं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला सांगा की मी कॅमेरा वापरतो. आत बसवतात ते साधं भिंग एकाच अंतरावर जुळलेलं असतं, नंतर ते हलत नाही. मी लांबचं घेतलं. यशिकाला हुडातलं भिंग उचललं की चष्म्याविना दाणा न् दाणा दिसतो. भिंग न उचलता कमरेशी धरून बघायचं तर वाचायचा चष्मा लागतो. मी भिंग कायम उचललेलंच ठेवतो. ट्विन लेन्सला वयाची कदर आहे. उजवं-डावं उलट दिसतं तेवढी सवय ठेवायची.

नेत्रपल्लवी :
नाना, दंडवत. एक भर घालते. हल्ली मल्टिफोकल भिंगही बसवतात, चष्मा कमी लागतो हे खरं. पण ते आलेला उजेड दोन-तीन अंतरांत वाटून देतं, त्यामुळे अंधाऱ्या फाइंडरमध्ये उठाव कमी वाटू शकतो. डॉक्टरांशी बोलताना हे विचारा. आणि ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा धूसर वाटायला लागलं तर घाबरू नका, भिंगामागचा पडदा गढूळ झालेला असू शकतो, तो लेझरने मोकळा करतात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. दाराची चौकट, खांब, विजेचा पोल अशी सरळ रेघ एका डोळ्याने लहरी किंवा मध्येच वाकलेली दिसायला लागली तर कॅमेरा दुरुस्तीला देऊ नका, त्याच आठवड्यात डोळ्याच्या पडद्याची तपासणी करा.

हेसनचा_हेमंत :
इकडे जर्मनीत, लायका कॅमेऱ्यांच्या वेट्झलार गावाजवळ राहून लायकाचं नाव न काढणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा नाकारणं. लायकाच्या एम मालिकेसारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात स्क्रीनचे दाणे बघायचे नसतात, दोन प्रतिमा एकमेकींवर आणायच्या असतात. दोन रेघा एका ओळीत आहेत का, हे म्हातारा डोळासुद्धा बरं ओळखतो. शिवाय एमचा फाइंडर साधारण उणे अर्ध्या डायॉप्टरला असतो, म्हणजे दोन मीटर, तेवढा ताण कमी. माझ्या एम-६चं मॅग्निफिकेशन ०.७२, त्यावर १.२५चं भिंग लावतो. १९५४चा एम-३ ०.९१चा आहे, ५० एमएमसाठी अजूनही तोडीस तोड नाही. किमतीबद्दल विचारू नये, मीही घरी सांगितलेली नाही.

डिजिटल_दामू :
वहिनींचा आयडी आहे का इथे?

सुरंगी :
कुडाळहून लिहितेय. सगळे डोळ्यांच्या मागे लागलात, पण मूळ पोस्ट नीट वाचा. सहाच्या सहा फ्रेममध्ये फोकस मागे गेलाय. डोळा चुकला तर कधी पुढे चुकेल, कधी मागे. दर वेळी त्याच बाजूला चुकत असेल तर आधी कॅमेऱ्यावर संशय घ्या.

माझ्या पेंटॅक्समध्ये हेच झालं होतं. आरशाच्या वरचा फोम कुजून काकवीसारखा चिकट झाला होता, त्याचा राडा आरसा टेकतो तिथे सांडलेला. आरसा केसभर वरच टेकायचा. स्क्रीनवर जुळलेलं आणि फिल्मवर जुळलेलं यांत फरक. मी वर्षभर 'वय झालं' म्हणून गप्प बसले होते. वय तेव्हा ४४!

तपासायची रीत सांगते. कॅमेरा रिकामा, मागचं दार उघडा, फिल्म जिथून सरकते त्या रुळांवर बटर पेपर ताणून चिकटवा. स्टँडवर लावा, शटर बी वर, केबल रिलीजने उघडं धरा, लेन्स पूर्ण उघडी. मीटरभरावर एखादा वर्तमानपत्राचा मथळा. आधी फाइंडरमधून जुळवा, मग बटर पेपरवर भिंग लावून बघा. तिथेही मथळा तेवढाच धारदार असेल तर कॅमेरा निर्दोष.

रोल३६ :
सुरंगीताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. आज रविवार, दोन्ही कामं केली. गच्चीवरून सिंहगडाच्या टीव्ही टॉवरवर स्प्लिट जुळवली (सौ.चा चष्मा, परवानगी काढून), रिंग बरोबर अनंताच्या खुणेवर थांबली. बटर पेपरवर 'सकाळी पाणी नाही' हा मथळा स्वच्छ, उलटा पण स्वच्छ. फोमही गेल्या सर्व्हिसिंगला बदललेला निघाला. कॅमेरा सुटला.

मग सहाही फ्रेम मागेच का गेल्या? आता हेच छळतंय.

टेपवाला :
मी सांगतो. मी सिनेमात फोकस पुलर होतो, आयुष्य दुसऱ्याच्या फ्रेममध्ये रिंग फिरवण्यात गेलं.

एक सांगा, जुळवताना रिंग कुठून आणता? बहुतेक लोक लांबून, म्हणजे अनंताकडून जवळ आणतात, आणि 'आता बरं दिसतंय' वाटलं की थांबतात. स्क्रीन धारदार दिसत असेल तर 'बरं दिसतंय' हा पट्टा केसाएवढा असतो. तुमचा वीतभर झालाय. तुम्ही दर वेळी त्या पट्ट्याच्या मागच्याच कडेला शिरता आणि तिथेच थांबता. म्हणून सहाही कान.

रोल३६ :
आत्ता खुर्चीवर करून बघितलं. अनंताकडूनच आणतो. तीस वर्षं!

टेपवाला :
मग उपाय सोपा. जुळलं वाटलं तरी थांबू नका, पुढे बिघडेपर्यंत जा, मग परत मागे बिघडेपर्यंत या. दोन्ही बिघाड बघितले की मधोमध थांबा. डोळ्याला 'शार्प' ओळखता येत नाही, 'बिघडलं' पटकन ओळखता येतं.

आणि खरं सांगू का, आम्ही फाइंडरमधून बघायचोच नाही. फाइंडर कॅमेरामनचा. आमच्याकडे टेप. बहुतेक कॅमेऱ्यांच्या डोक्यावर एक गोल आणि त्यातून गेलेली रेघ कोरलेली असते, ती म्हणजे फिल्मची जागा. लेन्सवरचे आकडे तिथून मोजायचे, लेन्सच्या तोंडापासून नाही. बसलेल्या माणसाचा फोटो असेल तर सुतळी घ्या, मीटरवर एक गाठ, सव्वा मीटरवर दुसरी, दीड मीटरवर तिसरी. टोक खुणेशी, गाठ डोळ्याच्या कडेशी, रिंग आकड्यावर, सुतळी खाली, क्लिक. नव्वद वर्षांच्या डोळ्यांनाही जमेल. फक्त मापल्यावर डुलू नका. मीटरभरावर एफ १.८ला जेमतेम चार सेंटिमीटर शार्प मिळतात, डोळा आणि कान यांत त्याच्या दुपटीहून जास्त अंतर. एफ ४ला नऊच्या आसपास. आत्याबाईंवर एवढा राग नसेल तर जरा अ‍ॅपर्चर बंद करा.

दिवेघाटी :
रुमाल उचलतो. वारीत मी फोकस बघतच नाही. दिवे घाटात पालखी चढताना कोण तुमच्यासाठी थांबणार? ३५ एमएम, एफ ८, रिंग पाच मीटरच्या खुणेवर आणि पुन्हा हात लावायचा नाही. अडीच मीटरपासून डोंगरापर्यंत सगळं येतं. फाइंडर फक्त चौकटीसाठी. पाऊस भरून आला आणि एफ ८ जमेना की मग म्हातारपण आठवतं.

मंद_प्रकाश :
रोल३६, स्क्रीन बदलायचा विषय राहिला. चिमट्याने लेन्सच्या बाजूने एफएम-२ची स्क्रीन बदलता येते, पण तुमची के-२ (स्प्लिटवाली) स्क्रीन चांगलीच आहे, उगाच खर्च करू नका. स्प्लिटचा अर्धा भाग काळा पडतो म्हणून तक्रार करणारे बहुधा एफ ४-५.६ची झूम लावून बसलेले असतात, तो प्रिझमचा स्वभाव आहे. डीजी-२ नावाचं भिंग मिळालं तर बघा. मधला भाग दुप्पट दाखवतं, त्याचं डायॉप्टर फिरवता येतं, आणि फ्रेम बघायची वेळ आली की वर उचलता येतं. स्टँडवर काम असेल तर सोनं. हातात धरून मात्र उचल-पाड करताना माणूस उठून निघून जातो.

डिजिटल_दामू :
सुतळी, ओ-रिंग, बटर पेपर. हा फोटोग्राफीचा धागा आहे की वाणसामानाची यादी?

निगेटिव्ह_नाना :
दामू, तुझ्या मोबाईलला मोतीबिंदू झाला की कळव.

रोल३६ :
धागा वर काढतोय, अहवाल द्यायचा आहे.

'०' लिहिलेली काच मिळाली. (दुकानदार खरंच म्हणाला, "साहेब, शून्य म्हणजे साधी काच." मंद_प्रकाश, तुमची आठवण काढली.) बसवल्यावर कड धारदार, सौ.चा चष्मा सन्मानाने परत. अ‍ॅपर्चरचे आकडे वाचायला मात्र जवळचा चष्मा दोरीने गळ्यात, त्यामुळे दिसतो अगदी तालुक्याच्या लायब्ररीतला लेखनिक.

संक्रांतीला वाईला गेलो. तीच ओसरी, ऊन थोडं वेगळ्या कोनातून. एफ २.८. सुतळीचं एक टोक आत्याच्या हातात दिलं, डोळ्याच्या कडेशी धर म्हटलं. म्हणाली, "मापं कसली घेतोस? चोळी शिवतोस का?" मग हसली, आणि ती हसताना पुढे झुकली, म्हणजे सुतळी वाया. पुन्हा मापलं. नंतरच्या फ्रेम सुतळीविना, टेपवाल्यांच्या पद्धतीने, दोन्हीकडे बिघडवून मधोमध. १२ फ्रेम काढल्या. ९ मध्ये डोळे असे आलेत की ऑपरेशन झालेल्या डोळ्यातली चमकसुद्धा वेगळी कळते. दोनांत ती हलली, एकात मी.

काल चुलतभावाने तिला प्रिंट दाखवल्या आणि फोन लावून दिला. आत्याने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "कुडी कुठे गेली रे?"

म्हटलं, आत्या, कान मागे असतो, तो धूसरच येणार. डोळे बघ किती छान आलेत.

"डोळे काय बघायचेत माझे? कुडी आईची आहे, तुझ्यासाठी मुद्दाम पेटीतून काढून घातली होती. तो दिवाळीतलाच फोटो मोठा करून आण."

डिजिटल_दामू :
आत्यांना +१.